गेल्या वर्षीची वीज

— नाही नाही, ती हत्यारांची पिशवी आधी खाली ठेव. माझ्या मीटरवर तुझी डबी बसायची नाही. सोसायटीने पाठवलंय, कळलं रे बाबा, वायरमन आहेस, तुझा काय दोष — सभेत पहिला हात मीच तर वर केला होता! प्रत्येक घराने गेल्या वर्षीपेक्षा तिसरा हिस्सा वीज कमी जाळायची, जास्त ओढली की ही डबी घरात अंधार करणार. ठरलं तेव्हा मी उठून म्हणाले, सवलत कुणालाही नको, मलासुद्धा नको. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या बाईला टाळ्या पडल्या की तिचं डोकं फिरतं, काय सांगू तुला.

तापतंय हे खोटं नाही. वाण्याच्या पुड्या सोडवता सोडवता अक्षरं शिकलेली बाई मी, पण कोळसा जाळला की आभाळाला ताप चढतो एवढं मला कळतं — दुपारी नळाला चहाचं पाणी येतं, ते काय उगीच? कमी करायलाच हवं. पण कुणी किती, हे विचारायचं राहिलं ना! वरच्या मजल्यावरचे बर्फवाले — नाव आम्हीच ठेवलंय, त्यांच्या दारावरून गेलं तरी शिंक येते — त्यांनी गेल्या वर्षी मनसोक्त जाळली. त्यातला तिसरा हिस्सा गेला तरी उरलेल्यात घर गारठतंय. आणि मी? या खोलीतून त्या खोलीत जाताना दिवा मालवणारी. माझ्या मुठीएवढ्यातून तिसरा हिस्सा काढायचा तो कुठून? उधळ्याला बक्षीस, काटकसरीला शिक्षा! त्यांच्या माशांच्या टाकीत अजून दिवसरात्र बुडबुडे चालू आहेत. माशांना हवा लागते म्हणे.

काय? मग यंदा माझी का वाढली? कोण म्हणतं वाढली? मीटर? मीटरला काय — हे बघ, दारातच उभा राहा. आत काही नाही. आत — नणंद आहे माझी. फुप्फुसं निकामी झाली तिची, म्हणून आणली. तिच्या मुलांनी नाकं मुरडली, तिचा भाऊ, म्हणजे आमचे हे, केव्हाच गेले, मग आणणार कोण? जन्मभर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली, माझ्या माहेराचा उद्धार केला. आता नाकात नळी घालून पडलीय, तरी कुरकुर आहेच — उशी कडक आहे म्हणते! खोलीतल्या हवेतून प्राणवायू काढून देणारं यंत्र आहे ते, घरघर करत वीज खातं. गेल्या वर्षी ती इथे नव्हती रे. मग गेल्या वर्षीच्या विजेत तिचा श्वास कुठून असणार?

सोसायटीला सांगायचं? कुठल्या तोंडाने? सवलत नको म्हणाले, त्याच? जिन्यात भेटून बर्फवाली म्हणेल, "बघा, आजींनाही लागलीच ना!" — त्यापेक्षा मेलेली बरी. मी भागवते. फ्रीज बंद, पंखा बंद, जेवतेसुद्धा अंधारात. दुपारी तिचा डोळा लागला की यंत्रही थोडं — थोडंच हं — बंद करते. ओठ निळे दिसायला लागले की परत चालू. असा बघू नकोस माझ्याकडे! छळणाऱ्या नणंदेचा सूड उगवतेय, असंच वाटलं ना तुला? लोकांनाही तेच वाटणार. मी उशाशी बसून असते तिच्या, जागची हलत नाही. हाताशी स्टीलचा पेला आणि चमचा दिलाय; जीव घाबरला की वाजवते, असा वाजवते की वरचे मासे दचकावेत. आताही वाजवेलच. एवढी बडबड कसली चाललीय म्हणून ओरडेल.

काय म्हणालास?

यंत्राची घरघर येत नाही? येईल कशी, तू बेल वाजवलीस तेव्हा मीच बटण — तुला ऐकू जाऊ नये म्हणून — दोन शब्दांत तुला वाटेला लावणार होते मी, दोनच शब्दांत, आणि मग तुझी ती डबी दिसली आणि माझं तोंड —

किती वेळ झाला रे? चमचा वाजला का? तू ऐकलास? मी बोलत होते, माझं लक्ष — तू ऐकलास का, सांग ना!

सरक. बाजूला हो म्हणते ना.

वन्सं? अहो वन्सं, उशी कडक आहे म्हणत होता ना, आत्ता बदलते — वन्सं —