हळद, चुना, लिंबू

शकू : बाबा, तुमची मुलगी मी, की तुमच्या धाटावच्या कंपनीतल्या साहेबांची ती?

गुणाजी : ह्ये काय इचारणं? रातपाळीचा झोपून आत्ता उठतोय, तोंड तरी धुऊ दे.

शकू : माझ्या वर्गातली हौसा म्हणाली, हिंमत असेल तर घरी जाऊन विचार. विचारलं! आता उत्तर द्या.

सगुणा : काय झालं गो? रोह्याला प्रदर्शन बघायला गेलतीस ना शाळेसोबत?

शकू : तिथेच दिसली मी जोडलेली प्लास्टिकची मोटार! काचेच्या पेटीत. खाली साहेबांच्या मुलीचं नाव.

सगुणा : तुझी कशी असंल? तुझी बाबांनी चाकं घट्ट करायला नेली हाय.

शकू : आई, मागचा मडगार्ड वाकडाय. रंगवताना हळदीचं पाणी उकळलं नि प्लास्टिक वळलं, तोच. पातेलं पिवळं केलं म्हणून तू मला झोडलंस ना!

सगुणा : अहो?

गुणाजी : साहेबांनी मागितली. पोरीला काय तरी ठेवायचं होतं प्रदर्शनात. पुढच्या महिन्यापासून दिवसपाळी देतो म्हणाले.

शकू : मला सांगायचं तरी! मी तिला शिकवलं असतं.

गुणाजी : दुसरी कर की. मी आणतो मोटारीच्या सुट्या भागांचा नवा खोका.

शकू : पाटीवर लिहिलंय, 'वडिलांच्या कंपनीतला खास रंग'. कंपनीतला! तीन दिवस हळदीत भिजवलं एकेक दार, वर चुन्याची निवळी, तेव्हा कुठे असा झकास विटकरी आला. चुना कुणाच्या डबीतला?

गुणाजी : माझ्या.

शकू : स्वतः काढून दिलात. वर म्हणालात, माझी शकू लई डोक्याची.

सगुणा : बोला की आता.

गुणाजी : बारा वर्षं रातपाळी करतोय, सगुणा. बारा.

शकू : उद्या बक्षीस देणारेत. त्या रंगावर लिंबू पिळलं ना, लाल जातो नि निव्वळ पिवळी हळद उरते. सगळ्यांसमोर.

सगुणा : शकू, बाबांची नोकरी हाय गो ती!

शकू : म्हणून मी नाय पिळणार.

गुणाजी : मग?

शकू : मी ठरवलंय. उद्या सकाळच्या गाडीने मी रोह्याला जाणार, नि तुम्ही दोघांनी पण यायचं. लिंबू बाबांच्या खिशात राहील, पिळायचं का नाय ते त्यांनी ठरवायचं. मी नुसती पेटीजवळ उभी राहणार.