पोचला असंच धरायचं

तुम्ही आमच्या सावंताला बघायला हवं होतं! आखातात, तुबली गावात आमचं गॅरेज होतं, भागीदारीतलं. अरबी भागीदाराने पैसा घातलेला आणि त्याची जबाबदारीही तेवढ्या पैशापुरतीच. बाकी सगळं सावंताच्या डोक्यावर. एका गिऱ्हाइकाचं इंजिन आमच्याकडून बिघडलं, तर त्याने कोर्टात खेचलं. कोर्टाचा माणूस कागद घेऊन दारात दिसला, की सावंत गाडीखाली आणि आम्ही सगळे एका सुरात, "सावंत मफी! इथे नाहीच!"

शेवटी तो कोर्टाचा माणूस वैतागला. म्हणाला, "भागीदारी नोंदवताना तुम्हीच तुमच्या वतीने कागद घ्यायला सरकारी साहेबाला नेमलंय ना? तुम्ही सापडला नाहीत तर कागद त्याला द्यायचा. त्याला मिळाला म्हणजे सावंताला मिळाला. खलास!"

आठवड्याभरात तो साहेब स्वतःच हजर. त्याची गाडी आमच्याकडेच दुरुस्तीला होती आणि महिनाभर आम्ही त्याला "उद्या, इंशाल्ला" ऐकवत होतो. सावंत नेमका तिच्याच खाली! साहेब वाकला आणि हिंदीत म्हणाला, "सावंत, तुझा कागद मला मिळाला, म्हणजे तुला मिळाला. कोर्टात ये. आता माझी गाडी दे."

सावंत तेलकट तोंडाने बाहेर सरकला. "साहेब, तसं असेल तर तुमची गाडी मला मिळाली, म्हणजे तुम्हालाच मिळाली की!"

साहेबाने शांतपणे हात पुढे केला.

"बरोबर. मग बिल तू भरलंस, म्हणजे मी भरलं. यल्ला, चल, चावी आण!"