खाली दादाचा कंप्युटर, वर माहा

भावाभावात कशाचा आला पासवर्ड, असं म्हणता ना तुम्ही? मंग ऐका.

सक्करदऱ्याच्या घराची वाटणी झाली, तवापासून दादा खाली अन् मी वर. बोलणं फोनवरच. वायफाय तेवढं दोघांत एक राहिलं. आईचे सारे फोटो दादाच्या कंप्युटरमध्ये. वर्षश्राद्धाले तिचा मोठा फोटो कराचा होता, म्हणून मी फोन लावला, "दादा, तो फोल्डर शेअर कर, मी वरूनच घेतो."

"केला ना गा," दादा म्हणे.

केला होता. माह्या स्क्रीनवर दिसे, पण उघडे नाही. परवानगी नाही म्हणे. फोन केला की दादा सांगे, "राउटर बंद करून पाह्य." मंग म्हणे, "तुह्या कंप्युटरमध्येच व्हायरस असन." अर्धा दिवस मी तेच करून राहिलो.

शेवटी खाली गेलो. वहिनीनं चहा ठेवला, दादा बाजूले खुर्ची घेऊन बसला. मी फोल्डरची सेटिंग उघडली. साऱ्याइले परवानगी होती. एकट्या माह्या नावापुढं 'डिनाय'वर टिक, म्हंजे मनाई.

"दादा, हे कोणं केलं?"

"मीच. वाटणीच्या टायमाले."

"आईच्या फोटोले?"

दादानं चहाचा कप उचलला.

"बरं, तवा केलं. पण सकाळपासून मले राउटर बंद-चालू कराले लावून राहिला. सांगितलं काहून नाही?"

चहाचा घोट घेऊन दादा म्हणे, "मले वाटलं, तुले सापडणार नाही."