झडप कधी उघडायची

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली घेऊन बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारचं बोलणं पडलं. कुत्र्याचं पिल्लू घेऊन आलेल्या आजी एका कुत्रेवाल्या काकांना विचारत होत्या.

“मुलानं मागच्या दाराला खाली छोटी झडप बसवलीय, याला आपलं आपण बाहेर जाता यावं म्हणून. कधी उघडून देऊ?”

“लशी झाल्या?”

“सगळ्या.”

“कुंपण आहे?”

“पक्कं.”

“बाहेर जायचं कळतं त्याला?”

“दाराशी बसतो आणि मी उठेपर्यंत भुंकतो.”

“मग झाला की तयार! उघडून द्या, तुमची उठबस वाचेल.”

“तीच तर वाचायला नको. आमचे हे गेल्यापासून मी खुर्ची सोडत नव्हते हो. या लबाडानं उठवलं मला.”

“मग राहू दे बंद.”

“मुलगा विचारेल ना!”

“सांगा, एक जाणकार भेटले होते, म्हणाले पिल्लू अजून लहान आहे.”

“फार उपकार झाले तुमचे. ऐकलंस का रे? लहान आहेस तू!”