यादीला लावलेला डिंक

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात औषधांच्या रांगेत उभ्या होतो. मागे एक मुलगी आणि तिचे वडील बोलत होते.

"बाबा, उद्यापासून सुट्टीभर मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत. मॅडमच्या संशोधनात."

"ठाऊक आहे. निवडयादी मीच चिकटवली. तुझ्या नावापाशी डिंक जरा जास्तच लागला."

"आपल्यातलं कुणी टिकत नाही तिथं, म्हणून मॅडम आत्तापासूनच हाताला धरून शिकवणार आहेत."

"मग टीक की!"

"टिकेन. पण तुम्ही फरशी पुसायला आलात, की मला हाक मारू नका."

"बरं."

"रागावलात?"

"छे गं. पुसताना पाय तेवढे वर घे."

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीही कधी मारली नाही तुला हाक."

"रांग सरकली, पुढे हो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मृत्यूच्या दाखल्यासाठी खिडकीशी उभी होते. कारकुनाने विचारलं, "व्यवसाय? गृहिणी लिहू?"

"नाही. प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायची."

"कुठल्या?"

"मी शिकत होते, त्याच," मी म्हणाले. मग मागच्या रांगेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "ती माझी आई."