उद्याची पेनल्टी

(जर्मनीतल्या रूर भागातल्या खाणगावातलं फुटबॉल क्लबाचं उपाहारगृह. एगॉन, जुना गोलकीपर, आता इथला स्वयंपाकी. समोर हार्टमुट, जुना बचावपटू. उद्या निरोपाचा सामना खेळून प्रशिक्षकपदावरून निवृत्त होणार; गोलमध्ये एगॉन.)

हार्टमुट : विषय बदलू नकोस. उद्या माझी पेनल्टी सोडणार की नाही, तेवढं सांग.

एगॉन : गुडघा वाकला तर बघू.

हार्टमुट : मागच्या वेळीही असंच गुळमुळीत बोललास. खेळाडू म्हणून माझा निरोपाचा सामना. जाणाऱ्याला शेवटी एक गोल करू द्यायचा, ही सगळीकडची रीत. आणि तू, माझा जिवलग, झेप घेऊन अडवलास.

एगॉन : सवय रे. चेंडू दिसला की हात जातात.

हार्टमुट : जन्मभर दुसऱ्यांचे गोल अडवले मी, स्वतः एकही केला नाही. तेवढा तरी झाला असता. आई आली होती बघायला, ठेवणीतला कोट घालून.

एगॉन : मला म्हणाली, बरं केलंस, डोक्यात हवा गेली असती त्याच्या.

हार्टमुट : तशीच होती ती. खाणीची राख पसरलेल्या मैदानावरून घरी गेलो की गुडघे घासल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही.

एगॉन : काय दिवस होते. खाणीचा भोंगा झाला की पाळी सुटलेली माणसं काळ्या तोंडानं थेट आपल्या मैदानाच्या कुंपणाशी, खेळ बघायला.

हार्टमुट : बदललासच विषय.

एगॉन : नाही बदलला. मी पेनल्टी अडवली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू इथं भांडायला आलास, आठवतं? संघाचा सराव चालला होता. त्यांचा बचाव तुला बघवेना, म्हणून ओरडतच आत घुसलास. तिथून प्रशिक्षक झालास.

हार्टमुट : मध्ये मोठ्या क्लबात होतो की.

एगॉन : गेलास, त्यांनी हाकललं, परत आलास. गोल झाला असता तर हार घालून घरी गेला असतास आणि कोबी लावत बसला असतास.

हार्टमुट : म्हणजे उद्याही अडवणार.

एगॉन : अडवणार.

हार्टमुट : बायकोला, गिझेलाला शब्द दिलाय मी, आता फुटबॉल बंद. छातीचं दुखणं तुला ठाऊक आहे. तू अडवलास तरी मी पुन्हा मैदानात उतरणार नाही, एगॉन.

एगॉन : मैदानात कोण म्हणतंय? माझी इर्मा गेल्यापासून या दारातून माझ्यासाठी येणारा तू एकटाच. तुझा गोल झाला की तुझं इथलं काम संपलं.

हार्टमुट : शनिवारी मटारचं सूप करतोस ना अजून?

एगॉन : करतो. सॉसेज घालून.

हार्टमुट : मग चेंडू सोड, गाढवा. सुपाला मी आहेच.