गुलाल लागला, पर दावं आमच्याच हातात

माझं म्हायेर करमाळ्याकडचं. बाप बैलबाजारातला दलाल, रुमालाखाली बोटं धरून सौदं जुळवायचा, त्यामुळं गोड बोलणारा माणूस दिसला की माझं ध्यान आदी त्याच्या हाताकडं जातं, तोंडाकडं न्हाय. तुमी बी मास्तरीणबाई मगाधरनं लई गोड इचारताय, पर असूं द्या, सांगते.

लगीन करून सोलापुरात आले. आमचं मालक गाडीवान, गिरणीतनं कापडाच्या गाठी भरायच्या आन् ठेसनावर टाकायच्या. सोन्या आन् गुलब्या, ही जोडी म्हंजी आमची भाकरी, दुसरं काय नव्हतंच की. मालक सोभावानं भोळं. कुणी बरं बोललं की ह्यांचं डोळं लगेच पाणावणार.

एका साली सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, जत्रंत वो, जनावरांच्या बाजाराला लागूनच एका मोटारवाल्या शेटनं मांडव घातला. आता मोटार इकायची तर बैलांत कशाला यावं? काय सांगू तुमाला, मला तितंच शंका आली. मोटार झेंडूच्या माळांनी मढवलेली, म्होरं हलगी वाजतीया, आन् शेट वरडतोय, या, बसा, तळ्याला एक फेरी फुकट. फेरी झाली की हातात पेढा आन् कपाळाला गुलाल. पेढ्याचं असूं द्या, पर गुलाल? आमच्या बाजारात गुलाल लागला म्हंजी सौदा झाला. मग माघार घेतली की नाक गेलं, पुन्ना त्या माणसासंगं कुणी सौदा करत न्हाय. शेटला हे ठावं व्हतं, न्हायतर आत्तर लावलं असतं की.

आमी बी जोडी जुपून जत्रंला आलो व्हतो, मी बैलांपाशी बसून सगळं बघत व्हते. एक वकील आला, फेरी मारली, रुमालानं गुलाल पुसला, हसला आन् गेला. बार्शीचा एक अडत्या आला, पेढा खाल्ला, आनिक एक मागून घेतला, ही तेल किती पिती म्हणून इचारलं, शेट चाचरला तसा ह्यो बी गेला. गिरणीतल्या जॉबरला, मुकादमाला वो, शेटनं नुस्तं म्हटलं, तुमच्या सायबाकडं बी असली न्हाय, झालं, त्यानं तितंच घेतली. पर आमच्याकडचा एक पाटील, त्याला मोटार नकोच व्हती, म्हातारीला एक फेरी घडवायची म्हणून बसला. गुलाल लागला, चार लोकांनी बघितला, आन् त्यानं मान खाली घालून मोटार घेतली. म्हातारी बिचारी पेढा हातात धरून रडत व्हती. मला लई राग आला.

मी बैलांला पाणी आणाया गेले, आन् परत येती तर आमचं मालक मोटारीत, हाकायच्या चाकावर हात ठेवून बसलेलं, कपाळ लालभडक. शेट म्हणतोय, गाडीवान, आता तुमी मोटारवालं झालासा, ही जोडी सोडा, वरचं पैसं सावकाश फेडा. आन् त्याचा माणूस सोन्याच्या दाव्याला हात घालतोय. मी बादली तितंच खाली ठेवली. म्हटलं, हात काढ. तर मालकच मला हळू म्हणलं, गुलाल लागलाय गं, लोकं बघत्यात, माझं नाक घालवू नगं.

तवा मला बाप आठवला. बाजारात गुलालाच्या म्होरं बी एक रीत हाय. इकणारा आपलं दावं सोडून घरी नेतो, कारण दाव्यासंगं घरची लक्षुमी जाती, आन् घेणारा आपलं दावं बांधतो. नवं दावं बांधायच्या आत जनावर जुन्या धन्यामागं गेलं तर सौदा फिटला, म्हंजी मोडला, कुणाचं नाक जात न्हाय. मी म्हटलं, शेट, गुलालाची रीत तुमी पाळली, आता म्होरली मी पाळते. आन् दोन्ही दावी सोडली, खांद्यावर टाकली, आन् मागं न बघता घरची वाट धरली. त्याच्या माणसाकडं दोरी कुटली? त्यानं सोन्याचं शिंग धरलं, सोन्यानं नुस्ती मान झटकली, गडी शेणात. बैल माझ्या मागं. पल्याडनं एक म्हातारा दलाल वरडला, फिटला सौदा, फिटला.

मालक मागनं आलं. कपाळाचा गुलाल तसाच. बैलांला वैरण टाकली आन् म्हणलं, जोडी राखलीस, बरं केलंस. पर त्या चाकावर हात ठेवला तवा जल्मात पैल्यांदा मला कुणी अवो जावो केलं गं. मला रडूच आलं.

आता गाठी लॉरीनं जात्यात. गुलब्या गेला, सोन्या म्हातारा होऊन दारात बसलाय. पाटलाच्या मोटारीत कोंबड्या अंडी घालत्यात म्हणं. गड्ड्याला अजून मोटारीचा मांडव पडतो, आन् आमचं मालक दरसाल लांबनं बघत हुबं ऱ्हात्यात. औंदा मीच म्हटलं, जावा, मारून या फेरी, सोन्याचं दावं माझ्या हातात हाय. गेलं. परत आलं तर कपाळ कोरं, आन् मुठीत माझ्यासाठी पेढा.

तुमचं बी चांगलं होऊं द्या बाई, पर कुणी फुकट दिलं तर जपून. तो पेढा बी मी आदी हुंगून बघितला, मग खाल्ला.